मोटेपासून सौरपंपापर्यंत

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात जानेफळ नावाचे गाव आहे. मेहकरजवळून पैनगंगा वाहते आणि उल्केच्या आघाताने तयार झालेले लोणारचे सरोवर याच टापूत आहे. वर्षाला पाऊस साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. उरलेले आठ महिने माणसे, गुरे आणि रब्बीची पिके यांना जमिनीच्या पोटातल्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते. हे पाणी वर आणायचे कसे, हा इथला जुना प्रश्न आहे. गेल्या शंभर वर्षांत त्याची उत्तरे चारपाच वेळा बदलली. बैलाच्या जागी तेलाचे इंजिन आले, मग विजेची मोटर आली, आणि आता विजेच्या तारेऐवजी सूर्यप्रकाश आला आहे.

या बदलाकडे बहुधा 'स्वस्त ऊर्जा' एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते. आम्हाला त्याचा इतिहास वेगळ्या अंगाने सांगायचा आहे. पाणी उपसण्याच्या प्रत्येक साधनाला स्वतःची एक मर्यादा होती, आणि त्या मर्यादेने नकळत पाण्यालाही आवर घातला होता. साधन बदलले की आवरही बदलतो. जानेफळसारख्या गावातल्या शिक्षकांनी हा इतिहास विद्यार्थ्यांना का सांगावा, त्याचे कारण यातच आहे.

खडकात पाणी असते कुठे?

प्रथम जमीन पाहू. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि थंड झाले. नद्यांच्या गाळाच्या प्रदेशात वाळूच्या कणांमध्ये सगळीकडे पाणी मुरते, तसे इथे होत नाही. घट्ट बेसाल्टमध्ये पाणी शिरत नाही. ते राहते वरच्या कुजलेल्या खडकात म्हणजे मुरुमात, भेगांत, आणि दोन थरांच्या सांध्यात. म्हणून एका शेतातल्या बोअरला पाणी लागते आणि पन्नास पावलांवरच्या बोअरमधून नुसती धूळ उडते. यात पाणाड्याचे कौशल्य किंवा मालकाचे नशीब नसते. भेग लागली की पाणी लागते, एवढेच.

अशा खडकाला विहीर मानवते. विहिरीत पाणी हळूहळू पाझरते, रात्रभर साठते आणि सकाळी उपसता येते. आता एक हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. विहिरीचा व्यास ६ मीटर धरला, तर एक मीटर उंचीत सुमारे २८,००० लिटर पाणी मावते. बोअरचा व्यास १५ सेंटिमीटर धरला, तर तेवढ्याच उंचीत १८ लिटरही मावत नाही. व्यास चाळीस पट कमी, म्हणून साठा सोळाशे पट कमी. विहीर म्हणजे रांजण, तर बोअर म्हणजे नळी. बोअरमध्ये साठा जवळजवळ नसतोच. भेगेतून जेवढे येईल तेवढेच त्याचे पाणी. हा फरक पुढे पुन्हा उपयोगी पडेल.

बैल आणि इंजिन

विहिरीवर मोट असे. चामड्याची पिशवी, नाडा, सोंदूर, चाक आणि उतारावरून खाली जाणारी बैलजोडी. बैल उतारावरून चालत म्हणजे त्यांचे वजनही कामी येई. साधन साधे वाटले तरी त्यात यांत्रिकीची समज होती. पण बैल थकतो, त्याला वैरण लागते, त्याला थांबावे लागते. विहीर फार खोल गेली की मोट परवडत नसे. थकणारा बैल हा पाण्याला पडलेला पहिला आवर होता.

किर्लोस्करांनी १९२६ मध्ये केंद्रोत्सारी पंप बनवला आणि १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली. मोटेच्या जागी इंजिनाची फटफट सुरू झाली. इंजिन थकत नाही, पण त्याला तेल विकत घ्यावे लागते. त्याला दुसरी एक अडचण होती, तीही निसर्गाने घातलेली. वर बसवलेला पंप पाणी 'ओढतो' असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पंप नळीतली हवा काढतो आणि बाहेरचा वातावरणाचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब पाण्याचा सुमारे १० मीटरचा स्तंभच तोलू शकतो. टॉरिचेलीने १६४३ मध्ये पाऱ्याच्या नळीने दाखवले ते हेच. व्यवहारात सहासात मीटरच्या पुढे ओढणारा पंप निकामी ठरतो. म्हणून शेतकऱ्यांनी इंजिने विहिरीत कडेला कट्टा बांधून खाली उतरवली. बोअरमध्ये मात्र इंजिन उतरवता येत नाही.

जालन्याची हापशी

बेसाल्टसारख्या कठीण खडकात बोअर घेणे हे काम अलीकडचे आहे. हवेच्या दाबावर चालणारा हातोडा भोकाच्या तळाशी जाऊन खडक फोडतो आणि त्याच हवेने चुरा वर फेकला जातो. हे तंत्र १९६० च्या दशकात आपल्याकडे आले. बुलढाण्याला लागून असलेल्या जालन्यात चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने त्या दशकात अशी यंत्रे चालवून गावांना पाणी दिले. १९६६-६७ च्या बिहारमधल्या दुष्काळानंतर युनिसेफनेही अशी यंत्रे भारतात आणली. पुढे १९७२ चा दुष्काळ आला आणि महाराष्ट्रात पिण्याच्या पाण्यासाठी बोअर घेण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. त्याच दशकाच्या सुरुवातीला राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली.

बोअर झाले, पण त्यावरचे हातपंप टिकेनात. तेव्हाचे ओतीव लोखंडाचे पंप एका घराच्या वापरासाठी घडवलेले होते. त्यांच्यावर सबंध गाव पाणी भरू लागले तेव्हा ते मोडू लागले. यावर पहिले चांगले उत्तर जालन्यातच निघाले. पोलाद जोडून बनवलेला, एकाच खिळीवर फिरणारा दांडा असलेला 'जालना पंप' तिथे तयार झाला. त्यात सुधारणा होऊन सोलापुरात 'सोलापूर पंप' आला. त्याच्या आधारावर १९७० च्या दशकात युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासचा रिचर्डसन अँड क्रुडास कारखाना यांनी 'इंडिया मार्क दोन' हा पंप घडवला. आज गावोगाव जी हापशी दिसते ती हीच. ती आफ्रिकेतही गेली. जगभर पोचलेल्या या यंत्राचे मूळ आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे, हे बुलढाण्यातल्या किती मुलांना ठाऊक असते?

हापशीचा आवर म्हणजे माणसाचा हात. आणि तो हात बहुतेक वेळा बाईचा किंवा मुलीचा असे. पाणी कमी उपसले जाई ते तिच्या कष्टामुळे. म्हणून जुन्या मर्यादांचे गोडवे गाताना आपण सावध असले पाहिजे. त्या कोणाच्या अंगावर पडत होत्या, हेही पाहिले पाहिजे.

तार बोअरमध्ये उतरते

बोअरमधून भरपूर पाणी काढायचे तर पंप पाण्यातच बुडवला पाहिजे. तो ओढणार नाही, खालून ढकलेल. अशी लांबट, पाण्यात बुडून चालणारी मोटर आर्मेस अरुटुनॉफ या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेलविहिरींसाठी विकसित केली. आपल्याकडे तिला पाणबुडी मोटर म्हणतात. अरुंद बोअरमध्ये इंजिन जाऊ शकत नाही, पण तार जाऊ शकते. म्हणून बोअर आणि वीज यांची गाठ पडली.

बुलढाणा जिल्हा १९५६ मध्ये मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी राज्याचे विद्युत मंडळ स्थापन झाले. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ आले आणि खांब शेतांपर्यंत पोचले. पुढे शेतीपंपांच्या विजेची आकारणी मीटरऐवजी अश्वशक्तीवर होऊ लागली. मोटर पाच अश्वशक्तीची असेल तर ठरलेली रक्कम द्यायची. ती दिवसाला एक तास चालो की दहा तास. आणखी एक तास पाणी उपसण्याची किंमत शून्य झाली. २०२४ पासून तर राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे वीजबिल पाच वर्षांसाठी माफ केले आहे.

मग पाण्याला आवर कोणाचा राहिला? भारनियमनाचा. शेतीला तीन फेजची वीज दिवसातून आठदहा तासच आणि तीही आठवड्यातले काही दिवस रात्री. मध्यरात्री पाणी द्यायला जायचे तर अंधार, साप, ओल्या पायांनी स्टार्टरला हात. म्हणून शेतकऱ्यांनी मोटरला 'ऑटो' बसवले. वीज आली की मोटर आपोआप सुरू. पण सगळ्यांच्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते. दाब पडतो, डीपी जळते, आणि ऐन हरभरा-गव्हाच्या दिवसांत आठवडे वाट पाहावी लागते. ही टंचाई कोणी पाण्याच्या भल्यासाठी केलेली नव्हती. तरी परिणाम असा झाला की विजेची अडचणच भूजलाची राखणदार बनली.

या पद्धतीत आणखी एक दोष होता. आपल्या नळीकडे परत येऊ. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे सुमारे ३,७०० वॉट. त्यातला ४० टक्के भाग पाणी उचलण्यात खर्च झाला असे धरले आणि उंची ६० मीटर घेतली, तर सेकंदाला सुमारे अडीच लिटर पाणी वर येते. भेगेतून मात्र सेकंदाला एकच लिटर येत असेल, तर ३० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ सहा मिनिटांत संपतो. पाणी तुटते, मोटर कोरडी चालते आणि जळण्याची भीती असते. शेतकरी म्हणतो, 'बोअर ओढत नाही.' खरे तर बोअर आपल्या गतीने देतच असते, घाई असते मोटरला. आणि मोटरला घाई, कारण वीज जाणार असते.

सूर्यावर पंप: एक जुनी मुंबईकर कल्पना

सूर्याच्या बळावर पाणी उपसण्याची कल्पना मात्र नवी नाही. तिचा एक आरंभ मुंबईत झाला. मुंबई उच्च न्यायालयात उपनिबंधक असलेल्या विल्यम अ‍ॅडम्स यांनी १८७० च्या दशकात कुलाब्यात सपाट आरशांची रांग अर्धगोलाकार मांडून सूर्यकिरण एका बाष्पकावर एकवटले आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवला. त्यांनी तो लोकांना दाखवला आणि १८७८ मध्ये उष्ण देशांसाठी सौर उष्णतेवर पुस्तकही लिहिले. १९१३ मध्ये इजिप्तमधल्या मादी या गावी फ्रँक शुमन यांनी लांबलचक पन्हळी आरशांच्या मदतीने नाईलचे पाणी मिनिटाला वीस हजार लिटरहून अधिक वेगाने उपसले. पहिले महायुद्ध आले, नंतर तेल स्वस्त झाले, आणि ही कल्पना मागे पडली.

दुसरी वाट प्रकाशातून थेट विजेची. प्रकाशाने विजेचा प्रवाह निर्माण होतो हे बेकरेल यांनी १८३९ मध्ये पाहिले होते. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा सौरघट केला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आज बाजारातल्या पट्ट्या २० टक्क्यांच्या आसपास असतात. १९७३ च्या तेलसंकटानंतर जगाचे लक्ष इकडे वळले. १९७७ पासून आफ्रिकेतल्या माली देशात फादर वेर्स्पिएरेन यांनी गावांच्या बोअरवर सौरपंप बसवायला सुरुवात केली. भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने त्याच सुमारास सौरघट बनवले. १९९३-९४ मध्ये केंद्र सरकारचा सौरपंपांचा कार्यक्रम सुरू झाला. पण पट्ट्या महाग होत्या. १९७० च्या दशकाच्या मध्यावर एका वॉटला पन्नास डॉलरहून अधिक पडत; आज अर्धा डॉलरही पडत नाही. इतिहासाला कलाटणी मिळाली ती या किमतीमुळे.

२०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान आणि २०१९ मध्ये 'कुसुम' योजना आली. महाराष्ट्रात २०२४ मध्ये 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना सुरू झाली. त्यात शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची असते. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. अशा पंपांच्या संख्येत महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे.

नेमके काय बदलते?

बोअरमधली मोटर बहुधा तशीच राहते. बदलते ते तारेचे दुसरे टोक. ते खांबाऐवजी पट्ट्यांना जोडलेले असते. मध्ये एक नियंत्रक असतो. ऊन वाढेल तशी तो मोटरची गती वाढवतो, ढग आला की कमी करतो. केंद्रोत्सारी पंपात पाणी गतीच्या प्रमाणात येते, पण उचलण्याची उंची गतीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून गती निम्मी झाली तर पंप चौथ्या हिश्श्याच्या उंचीपर्यंतच पाणी ढकलू शकतो. सकाळी मोटर फिरताना ऐकू येते, पण नळाला पाणी नसते, ते यामुळे. थोडे ऊन चढले की पाणी येते, दुपारी जोरात, संध्याकाळी कमी होत थांबते.

हे रूप बेसाल्टमधल्या बोअरला मानवणारे आहे. बोअरच्या पाझराला साजेसा बेताचा पंप निवडला, तर तो दिवसभर सावकाश चालतो. जळणारी डीपी नाही, रात्रीची फेरी नाही. पिण्याच्या पाण्यासाठी तर याचा मोठाच उपयोग झाला. आपल्या राज्याच्या भूजल यंत्रणेने पुढे आणलेल्या 'दुहेरी पंप' योजनेत एकाच बोअरवर हापशीही असते आणि तिच्या खाली सौर मोटरही. दुर्गम वाड्यांसाठी ९०० वॉटच्या पट्ट्या, एक अश्वशक्तीची मोटर, पाच हजार लिटरची टाकी. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यातल्या पाड्यांना यामुळे नळ मिळाले, आणि ढगाळ दिवसांसाठी हापशी राहिली.

हाही हिशेब वर्गात करावा. ९०० वॉटच्या पट्ट्या दिवसाला साडेपाच तासांच्या पूर्ण उन्हाइतके काम करतात असे धरले, तर सुमारे पाच युनिट वीज मिळते. तिचा ३० टक्के भाग पाणी उचलण्यात लागला, तर ४० मीटर खोलीवरून दिवसाला साधारण १३,६०० लिटर पाणी येते. २५० माणसांना दरडोई ५५ लिटर द्यायचे तर १३,७५० लिटर हवे. म्हणजे जेमतेम जमते. आता पाण्याची पातळी ६० मीटरवर गेली असे धरून हिशेब पुन्हा करा. उत्तर येते सुमारे ९,१०० लिटर. पट्ट्या त्याच, ऊन तेच, पण गावातल्या तिसऱ्या हिश्श्याचे पाणी नाहीसे झाले.

खरा धोका इथे आहे. सूर्य फुकट आहे, पण खोली फुकट नाही. गावाच्या पिण्याच्या बोअरभोवती शेतातले पाचपन्नास सौरपंप वर्षाचे तीनशे दिवस चालले आणि पातळी खाली गेली, तर पहिला फटका त्या छोट्या पंपाला बसेल, आणि पाणी भरायला पुन्हा मुलीच शाळा बुडवतील. बैल थकत होता, तेल संपत होते, वीज जात होती. सूर्य मात्र रोज उगवतो. संध्याकाळी मावळतो, एवढाच त्याचा आवर.

आता आवर कोणाचा?

यावर काही उत्तरे सुचलेली आहेत. गुजरातमधल्या धुंडी गावात शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली आणि २०१६ पासून उरलेली वीज ते ग्रीडला विकू लागले. पाणी न उपसण्यालाही किंमत आली. शेतातला एकटा सौरपंप काम नसताना नुसता उन्हात उभा असतो. ग्रीडला जोडलेला तसा राहत नाही. महाराष्ट्रात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सबंध फीडरच सौर विजेवर नेण्याचे काम सुरू आहे. त्यात शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते आणि पट्ट्यांची एकत्र देखभाल होते.

पण मूळ उत्तर तंत्राचे नाही. विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पुरंदर तालुक्यातल्या नायगावपासून पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणसांच्या मापाने वाटायचे, भूमिहीनालाही वाटा द्यायचा, ऊस घ्यायचा नाही, असे त्याचे नियम होते. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावरच बंदी घातली आणि दरवर्षी पावसाप्रमाणे पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. या गावांनी बाहेरच्या मर्यादेची वाट पाहिली नाही. ती स्वतः ठरवली. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदाही आहे, पण गावाने मनावर घेतल्याशिवाय तो कागदावरच राहतो.

शाळा यात काय करू शकते? भूजल यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तसेच आपल्या शाळेनेही करावे. गावातली कठडा असलेली एक विहीर निवडावी, शिक्षकांच्या देखरेखीखाली दोरीला वजन बांधून पावसाळ्यानंतर, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मेअखेर पातळी मोजावी. शेजारी पावसाचे आकडे लिहावे. गावात दरवर्षी किती बोअर झाले, किती फूट खोल गेले, किती कोरडे निघाले आणि किती सौरपंप बसले, हे मुलांनी घरोघर विचारून नोंदवावे. चारपाच वर्षांत भिंतीवर एक आलेख तयार होईल. मोटेला बैलाचा श्वास मोजावा लागे, इंजिनाला तेल मोजावे लागे. सौरपंप आपल्याला काहीच मोजायला लावत नाही. म्हणून आता पाणीच मोजले पाहिजे, आणि तो आलेख ग्रामसभेत सातवीच्या मुलामुलींनी वाचून दाखवावा असे आम्हाला वाटते.